कुत्रं हरवलं? नागपुरात शोधायचं कसं आणि विचारायचं कोणाला

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सव्वासातला आमची भुरी गेली. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पोरांनी लड लावली, फाटक अर्धवट उघडं होतं, आणि एरवी गल्लीच्या तोंडापलीकडे एकटी न जाणारी चार वर्षांची कुत्री शेपूट पोटाखाली घेऊन जी सुटली, ती पाचव्या दिवशी सापडली. घर त्रिमूर्तीनगरात, कुत्री सोनेगाव तलावापाशी. मधे रिंग रोड. तो तिने कसा ओलांडला असेल, याचा विचार मी अजूनही टाळतो.

त्या पाच दिवसांत आम्ही भरपूर चुका केल्या आणि बहुतेक पहिल्या बारा तासांतच. त्या चुका वगळून काय करायचं ते इथे लिहितो आहे. कुत्रं आत्ताच हरवलं असेल तर पुढचे दोन भाग वाचा आणि बाहेर पडा, बाकीचं रात्री वाचता येईल.

बाहेर पडण्याआधी

आधी घर शोधा. पलंगाखाली, जिन्याखालच्या अडगळीत, गच्चीवर टाकीच्या मागे, पार्किंगमधल्या गाड्यांखाली. घाबरलेलं कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात अंग चोरून बसतं आणि हाकेला ओ देत नाही. ओळखीच्या एका घरी सगळं कुटुंब दोन तास लक्ष्मीनगर पालथं घालत होतं आणि पग दिवाणाच्या मागे घोरत होता. शेजारचं अर्धवट बांधकाम आणि गाजरगवत माजलेला मोकळा प्लॉट, या दोन्ही ठिकाणी टॉर्च मारून पाहा. टॉर्च जमिनीलगत आडवी फिरवली की डोळे चमकतात.

मग सगळ्यात महत्त्वाचं. घरी एक माणूस थांबवा, कुत्र्याच्या रोजच्या ओळखीचा. फाटक उघडं ठेवा, बाहेरचा दिवा चालू ठेवा. आम्ही सगळेच्या सगळे शोधायला निघालो आणि सवयीने फाटकाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, रात्री साडेअकराला ती आली होती ना फाटकापाशी. दोनदा पंजा मारला, थोडी थांबली, मग परत फटाके वाजले तशी गेली. मला वाटलं तुम्ही आतच आहात." पुढचे चार दिवस त्या एका कुलपाने गेले.

तिचं अंथरूण किंवा तुमचा न धुतलेला शर्ट फाटकाच्या आत ठेवा. पाणी ठेवा. जेवणाची ताटली मात्र फाटकावर ठेवू नका. गल्लीतली दहा कुत्री जमतील आणि तुमचं कुत्रं त्यांना बघूनच परत फिरेल.

कुत्रं का गेलं, यावरून कुठे शोधायचं ते ठरतं

आवाजाला घाबरून पळालेलं कुत्रं सरळ रेषेत धावतं आणि दमलं की पहिल्या शांत, आडोशाच्या जागी दडतं. फटाके, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, डीजे, विजांचा कडकडाट, सगळ्याचा परिणाम हाच. महाल-इतवारीकडे राहणाऱ्यांनी मारबतीच्या दिवशी कुत्रं आतल्या खोलीत बांधूनच ठेवावं. अशा कुत्र्याला तुमची हाकही धमकी वाटू शकते.

नसबंदी न झालेला नर गेला असेल तर बहुतेक वेळा माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला असतो. तो दडत नाही. दोन-तीन गल्ल्यांच्या टापूतल्या कुत्र्यांच्या घोळक्यात सापडतो, कान फाडून घेतलेला. लॅब्रॅडॉरसारखं मनमिळाऊ कुत्रं कोणाच्याही मागे जातं, त्यामुळे ते रस्त्यावर शोधण्यापेक्षा घराघरांत विचारावं. पिल्लू असेल तर पोरांना विचारा. मोठ्यांना नाही, पोरांना. कोणत्या गच्चीवर कोणतं पिल्लू खोक्यात लपवलंय हे त्यांना पाठ असतं.

आता आपल्या गावाचं सांगतो. लेआउटमधल्या प्रत्येक गल्लीवर तिथल्या कुत्र्यांची मालकी असते. नवं कुत्रं आलं की ते त्याला हद्दीबाहेर हाकलतात, पुढच्या गल्लीतले त्याच्या पुढे. असं ढकलत ढकलत ते कोणाचीच हद्द नसलेल्या जागी पोचतं. नाल्याचा काठ, रेल्वेलाइन, तलावाची मागची बाजू, शाळेचं मैदान, स्मशानघाटाची भिंत. पश्चिमेकडच्या लोकांनी फुटाळ्याची मागची बाजू, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्सची झाडी आणि अंबाझरी बघावी, नाग नदीकाठच्या वस्त्यांनी पुलांच्या खाली बघावं. रात्री दोनच्या सुमारास गच्चीवर उभं राहून नुसतं ऐका. एका गल्लीतली कुत्री भुंकून थांबतात, मग पुढच्या गल्लीतली सुरू होतात, मग त्यापुढची. कोणीतरी परकं तिथून चाललं आहे, हे त्या भुंकण्यावरून कळतं. आम्हाला ते तिसऱ्या रात्री समजलं.

उन्हाळ्यात हिशेब वेगळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कुत्रं दिवसा हलतच नाही. घरांच्या मागच्या बाजूला खिडकीतल्या कूलरचं पाणी ठिबकून जिथे चिखल झालेला असतो, तिथे पोट टेकून पडलेलं असतं. दुपारी बाराला उन्हात हाका मारत फिरण्यापेक्षा त्या बोळांत डोकावा आणि खरा शोध पहाटे चार ते सात ठेवा.

विचारायचं कोणाला

कुत्रं ज्यांना दिसतं ती माणसं सहसा तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात. घाबरलेलं कुत्रं पहाटे आणि मध्यरात्री हलतं. त्या वेळी रस्त्यावर असतात ते झाडू मारणारे, पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, एटीएमचे आणि बांधकामाचे चौकीदार, पोह्याचा ठेला लावायला आलेला माणूस, रात्रीचे ऑटोवाले. आम्ही दोन दिवस फोनवर फॉरवर्ड करण्यात घालवले. दीडशे जणांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले. कुत्री एकालाही दिसली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला बाहेर पडलो. पहिला थांबा पोह्याचा ठेला. तो माणूस तर्रीचं पातेलं शेगडीवर चढवत होता. फोटो पाहिला, म्हणाला, "ही? परवा इथं खरकट्याच्या डब्यापाशी आली होती. आमच्या कुत्र्यांनी हाकलली जी. तिकडं गेली, रिंग रोडकडं." चार मिनिटांत दिशा कळली.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. "बदामी रंगाची कुत्री दिसली का?" असं विचारलं की माणूस तुमच्या तोंडाकडे पाहून हो म्हणतो. तुमचं मन मोडवत नाही त्याला. त्यापेक्षा विचारा, "एवढ्यात इथे नवीन कुत्रं दिसलं का? कसं होतं? एकटं होतं की घोळक्यात? कुठल्या बाजूला गेलं?" वर्णन त्याला करू द्या, फोटो नंतर दाखवा. आणि रोज त्याच वेळी परत जा. पहिल्या दिवशी माणूस नुसतं ऐकून घेतो, दुसऱ्या दिवशी त्याला तुम्ही आठवता, तिसऱ्या दिवशी तो तुमच्यासाठी बघत असतो.

मनपाच्या सफाई कामगारांना, आपल्याकडे अजूनही कित्येकांच्या तोंडी ऐवजदारांना, जरूर विचारा. एकेका रस्त्याची बीट ठरलेली असते, त्यामुळे तिथलं प्रत्येक कुत्रं त्यांना ओळखीचं असतं. मेलेल्या जनावरांबद्दलही त्यांनाच विचारावं लागतं. जड जातं, पण विचारा. उत्तर "नाही" आलं तर शोधायला बळ येतं.

गल्लीतल्या कुत्र्यांना रोज रात्री खाऊ घालणारं प्रत्येक भागात कोणीतरी असतंच. शेजारी त्यांच्याशी भांडत असतात, त्यामुळे नाव-पत्ता पटकन कळतो. नवं कुत्रं आलं की पहिलं त्यांना दिसतं.

एक वही ठेवा. वेळ, जागा, दिशा, सांगणाऱ्याचं नाव. आमच्या वहीत अकरा नोंदी झाल्या, त्यांपैकी चार दुसऱ्याच कुत्रीच्या निघाल्या. उरलेल्या सात नकाशावर मांडल्यावर सगळ्या दक्षिणेकडे सरकताना दिसल्या. तोपर्यंत आम्ही खामल्यात शोधत होतो.

कागद

पत्रक ए-थ्री आकाराचं करा. स्कूटरवरून जाणाऱ्याला चालत्या गाडीवरून वाचता आलं पाहिजे. वर "कुत्रा हरवला" आणि त्याखाली हिंदीत तेच. आपल्या गावात निम्मी रस्त्यावरची माणसं हिंदीत वाचतात-बोलतात, त्यामुळे हिंदी ओळ हवीच. मग पूर्ण अंगाचा एक मोठा फोटो. चेहऱ्याचा लाडिक फोटो कामाचा नाही, लांबून दिसतं ते अंग आणि शेपूट. शेवटी एकच फोन नंबर, ठसठशीत. मधे ठळक अक्षरांत ही ओळ टाका:

"दिसली तर पकडू नका, हाक मारू नका, मागे धावू नका. लगेच फोन करा."

ही ओळ आमच्या पहिल्या पत्रकात नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी प्रतापनगरजवळ पाच-सहा उत्साही पोरांना ती दिसली, त्यांनी "भुरी, भुरी" करत घेरायचा प्रयत्न केला आणि ती पार नजरेआड गेली. पोरांचा हेतू चांगलाच होता. चूक पत्रकाची.

बक्षीस लिहायचं तर "योग्य बक्षीस" एवढंच लिहा. आकडा लिहिला की लोक पकडायलाच धावतात. आणि एक खूण मुद्दाम लिहू नका. भुरीच्या मागच्या डाव्या पंजाचं एक नख पांढरं आहे, ते आम्ही कुठेच छापलं नव्हतं. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

लावायचं कुठे? विजेच्या खांबांवर आणि सरकारी भिंतींवर नको. त्यासाठी राज्यात १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे. शिवाय तिथल्या क्लासेसच्या जाहिरातींत कोणी वाचतही नाही. दुकानदाराला विचारून दुकानात लावा. पानठेला, आटाचक्की, दूध डेअरी, मेडिकल, मटणाचं दुकान. मटणाचं दुकान विसरू नका, भुकेलं कुत्रं तिथे येतंच. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात घाला, उघडं तोंड खाली.

ग्रुपवर टाकायचं तेव्हा

ग्रुप निरुपयोगी नाहीत, फक्त तिथे टाकून घरी बसू नये. मजकुरात तारीख हवी, नाहीतर तो सहा महिने फिरत राहतो. आमचा नंतर सुधारलेला मजकूर असा होता:

"हरवली आहे. बदामी रंगाची गावठी कुत्री, लाल पट्टा, डावा कान दुमडलेला. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी त्रिमूर्तीनगरातून गेली. काल सकाळी रिंग रोडजवळ दिसली. घाबरलेली आहे, चावणारी नाही. दिसली तर पकडू नका, जागा आणि वेळ या नंबरवर कळवा. सापडली की इथेच सांगू."

पाठवताना लेआउटचा ग्रुप, मॉर्निंग वॉकचे ग्रुप, गणेश आणि दुर्गोत्सव मंडळांची पोरं, शाळेच्या व्हॅनवाले काका यांना प्राधान्य द्या. शहरभरच्या मोठ्या ग्रुपपेक्षा दोन किलोमीटरच्या आतले तीन छोटे ग्रुप बरे.

पोलीस, मनपा, दवाखाने

हद्दीतल्या पोलीस ठाण्यात फोटो आणि लसीकरणाचं पुस्तक घेऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कोणी उचलून नेल्याचा संशय असेल तर तसं स्पष्ट लिहा. पाळीव कुत्रं ही कायद्याच्या दृष्टीने तुमची मालमत्ता असते, त्यामुळे नेणं म्हणजे चोरी आणि तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते. मारलं किंवा जायबंदी केलं तर कलम ३२५. उद्या कुत्रं दुसऱ्याच्या अंगणात सापडलं आणि तो "माझंच" म्हणाला, तर हा अर्ज आणि लसीचं पुस्तकच तुमच्या बाजूने बोलतं.

महापालिकेचे दहा झोन आहेत. तुमच्या आणि लगतच्या झोन कार्यालयात विचारा की कुत्री पकडणारी गाडी एवढ्यात कुठे फिरली आणि पकडलेली कुठे ठेवली. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार भटकी कुत्री नसबंदी आणि लसीनंतर मूळ जागी सोडायची असतात. पण ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. म्हणून पट्टा निघालेलं तुमचं कुत्रं अशा आवारात दिसल्याची खबर आली तर उद्यावर ढकलू नका. नसबंदी केंद्रावर फोनवर वर्णन सांगून भागत नाही, स्वतः जाऊन पिंजऱ्यांसमोर उभं राहा. कानाला नसबंदीची व्ही आकाराची खाच दिसली म्हणून "आपलं नव्हे" असं ठरवू नका, ती तिथेच नुकतीच मारलेली असू शकते.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आणि तुमच्या भागातल्या खासगी डॉक्टरांकडे पत्रक द्या. जखमी कुत्रं कोणी उचललं तर तिथेच नेतात. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ आकडी नंबर सांगून ठेवा. चिप म्हणजे जीपीएस नव्हे. स्कॅनर अंगावर फिरवला तरच नंबर दिसतो, कुत्रं कुठे आहे ते ती सांगत नाही.

फसवे फोनही येणार. "तुमचा कुत्रा आमच्याकडे आहे, पेट्रोलचे दोन हजार टाका, आणून देतो." अशा वेळी न छापलेली खूण विचारायची. मी विचारलं, मागच्या डाव्या पायाला काय आहे? तो म्हणाला, लागलंय, मलमपट्टी केली. फोन ठेवला. खरा माणूस व्हिडिओ कॉलला तयार होतो. पैसे येण्यासाठी क्यूआर कोड कधीच स्कॅन करावा लागत नाही, हेही घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवा. त्या दिवसांत आईने दोनदा फोन उचलला होता.

दिसल्यावर

पाचव्या पहाटे झाडू मारणाऱ्या मावशींचा फोन आला. आदल्या दिवशी त्यांना पत्रक दिलं होतं. "तळ्याकडं आहे जी तुमची कुत्री. बिस्किट टाकलं तर खात नाही, पळून राहिली. मी दुरूनच उभी आहे, या."

दोघंच गेलो. गर्दी नेऊ नका. गाडी लांब लावा. ती बेशरमच्या झुडपांपाशी बसली होती, अंगाला चिखल, पट्टा गायब. मला पाहिलं आणि उठून उभी राहिली, ओळखच दाखवली नाही. चार वर्षं पायाशी झोपलेली कुत्री. इथे माणसाचा धीर सुटतो आणि तो नाव घेऊन धावतो. तसं करायचं नाही.

आहात तिथे खाली बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. डोळ्यांत बघू नका. घरात रोज जसं बोलता तसं हळू आवाजात काहीही बोलत राहा, नाव घेऊ नका. वासाचं खाणं काढा. आम्ही रश्शातले मटणाचे तुकडे नेले होते, बिनमसाल्याचे. तुकडा तिच्या दिशेने फेकू नका, दगड मारला असं वाटतं. स्वतःच्या बाजूला टाका, एक जवळ, एक थोडा लांब. वाऱ्याची दिशा पाहून बसा, म्हणजे तुमचा वास तिच्याकडे जाईल. वीस मिनिटं मी गवतात बसून आईला काय भाजी आणायची ते स्वतःशी बडबडत होतो. मग तिने नाक वर केलं, दोन पावलं, थांबली, आणखी दोन. पहिला तुकडा खाल्ला आणि एकाएकी सगळी कुत्री हलायला लागली, शेपटीपासून कानापर्यंत. तरीही झडप घालू नका. हनुवटीखाली खाजवत खाजवत पट्ट्याचा फास अलगद सरकवा, मगच उठा.

हे एका बैठकीत जमलं नाही तर रोज त्याच वेळी, त्याच जागी खाणं ठेवायला लागा. भोवती रांगोळीची भुकटी चाळून टाका, सकाळी पंजे उमटलेले दिसतात. पंज्याच्या मापावरून तुमचंच का, याचा अंदाज येतो. पिंजरा लावायची वेळ आली तर डॉक्टरांना किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना विचारून मागवा. तो सोडून कधीही जाऊ नका, आणि उन्हाळ्यात दिवसा लावूच नका, पत्रा भाजतो.

सापडल्यावर

पाणी थोडं थोडं द्या, जेवण अर्धं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. गोचीड, तळव्यांच्या जखमा, इतर कुत्र्यांचे चावे. चावा असेल तर जुनी लस झालेली असली तरी रेबीजची लस पुन्हा द्यावी लागते, हे विचारून घ्या. पकडताना कोणा माणसाला दात लागले असतील, अगदी ओरखडा असला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. मदत करणाऱ्या पोराची लाज आड येऊ देऊ नका, हाताला धरून न्या.

पुढचे दोन आठवडे दुहेरी दोरी, एक पट्ट्याला आणि एक अंगातल्या हार्नेसला. एकदा पळालेलं कुत्रं दुसऱ्यांदा लवकर पळतं. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पितळी पट्टी लावा. ट्रॉफ्या आणि पाट्यांवर नावं कोरणाऱ्या दुकानात करून मिळते.

आणि ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांना जाऊन सांगा, शक्य असेल तर कुत्र्याला घेऊन. मावशींना आम्ही बक्षीस दिलं, ते त्यांनी दोनदा नको म्हणून घेतलं. पत्रकं स्वतः जाऊन काढा, वहीत यादी असतेच. आमचं एक राहिलं, जयताळ्याकडच्या एका आटाचक्कीत. फेब्रुवारीत रविवारी सकाळी फोन आला, "भाऊ, तुमची कुत्री दिसली." भुरी तेव्हा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली होती. मी गाडी काढली आणि पत्रक उतरवून आणलं.